परीक्षा आणि स्वाध्याय : एका उत्तरवयीन अभ्यासाची हकीकत



ज्या शाळेच्या ओट्यावर बसून मी पाटीवर अक्षरे गिरवली, त्याच शाळेच्या सभागृहात व्याख्याता म्हणून उभे राहण्याचा योग आज येत आहे. ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षे बसलो. त्यांनी मला संस्कृत आणि मराठी शिकवले, आणि पुढे जन्मभर मी जे काही शिकवून पोट भरले त्याचे बीजही त्यांचेच. तेव्हा हे व्याख्यान माझ्या दृष्टीने व्याख्यान नसून गुरूंपुढे उशिरा सादर केलेला गृहपाठ आहे.

संयोजकांनी मला विषय निवडण्याची मोकळीक दिली. मराठीच्या प्राध्यापकाने संतवाङ्मयावर किंवा बडोद्याच्या मराठी परंपरेवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज एका वैद्यकीय परीक्षेविषयी बोलणार आहे. या परीक्षेतील एकाही प्रश्नाचे उत्तर मला स्वतःला देता येणार नाही, हे आधीच कबूल करतो. पण ती परीक्षा मी सहा महिने फार जवळून पाहिली, आणि घरी बसून अभ्यास करणे म्हणजे काय हे वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मला त्या निमित्ताने प्रथम कळले. जी हकीकत सांगतो ती माझ्या कन्येची आहे, आणि ती मी तिची अनुमती घेऊनच सांगत आहे.

माझी कन्या येथील वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली आणि अमेरिकेस गेली. तेथे तीन वर्षे रुग्णालयात राहून तिने इंटर्नल मेडिसिन या शाखेचे शिक्षण पुरे केले. आपण ज्याला नुसते 'मेडिसिन' म्हणतो आणि ज्याच्या जाणकाराला 'फिजिशियन' म्हणतो, तीच ही शाखा. आपल्या आयुर्वेदाच्या आठ अंगांत कायचिकित्सा हे जे अंग सांगितले आहे, त्याच्याशी तिचे नाते जवळचे आहे. नाव मात्र जर्मनीतून आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिकडील वैद्यांनी नुसती लक्षणे न पाहता प्रयोगशाळेच्या साहाय्याने शरीराच्या आतील व्यापार शोधणाऱ्या वैद्यकाला 'आंतरिक' हे विशेषण लावले, आणि १८८२ साली वीसबाडेन येथे त्या शाखेची पहिली परिषद भरवली. शस्त्र न चालवता, विचारपूस, तपासणी आणि तर्क यांच्या बळावर रोगाचा माग काढणे हे या शाखेचे काम. हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे, रक्त, सांधे, ग्रंथी, जंतुसंसर्ग, कर्करोग : सर्व तिच्या कक्षेत येते. म्हणूनच तिचा अभ्यास संपत नाही.

अमेरिकेत डॉक्टरकी करण्याचा परवाना राज्य सरकार देते. त्याहून वेगळे असे एक प्रमाणपत्र त्या त्या शाखेचे मंडळ देते. इंटर्नल मेडिसिनचे हे मंडळ १९३६ साली स्थापन झाले. प्रमाणपत्र घेण्याची कायद्याने सक्ती नाही. परंतु अनेक रुग्णालये त्याशिवाय डॉक्टरला आपल्याकडे ठेवून घेत नाहीत. पूर्वी हे प्रमाणपत्र एकदा मिळाले की आयुष्यभराचे असे. १९९० पासून मंडळाने त्याला दहा वर्षांची मुदत घातली. दहा वर्षे झाली की डॉक्टरने पुन्हा परीक्षेला बसावे. १९९० च्या आधी ज्यांना प्रमाणपत्र मिळाले होते, त्यांचे मात्र आजीवन राहिले. परिणाम असा, की एकाच रुग्णालयात काम करणाऱ्या दोघांपैकी ज्येष्ठाला परीक्षा नाही आणि कनिष्ठाला आहे. या गोष्टीवर तिकडे बराच असंतोष होता. २०१४ साली नियम अधिक कडक झाल्यावर तो उफाळून आला, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये मंडळाने आपले चुकल्याची जाहीर कबुली देऊन काही अटी मागे घेतल्या. परीक्षकाने परीक्षार्थींची क्षमा मागितल्याचे उदाहरण विरळा. मी तीस वर्षे विद्यापीठाचा परीक्षक होतो. मला तसे कधी सुचले नाही.

कन्येला प्रमाणपत्र मिळाले २००६ साली. त्याची मुदत २०१६ च्या अखेरीस संपणार होती. ती ओहायो राज्यातील एका लहान गावच्या रुग्णालयात आहे. सात दिवस सलग, रोज बारा तास काम, आणि मग सात दिवस सुटी, अशी तिची पाळी असे. घरी दोन मुले, धाकटा पाच वर्षांचा. २०१६ च्या वसंतात ती परीक्षेला बसली आणि नापास झाली.

हे तिने आम्हांला महिनाभर सांगितले नाही. दर रविवारी फोन होई, मुलांची खुशाली कळे, हवापाण्याच्या गोष्टी होत. शेवटी तिने आपल्या आईला सांगितले, आणि आईने मला. बंधुभगिनींनो, शाळेत आणि महाविद्यालयात ही मुलगी कधी दुसरी आली नव्हती. चाळीस वर्षांची, शेकडो रोग्यांना बरे करून घरी पाठवणारी बाई, आणि परीक्षेत नापास! माझ्या मनात पहिला विचार कोणता आला असेल? नातेवाइकांना हे कळता कामा नये, हा. तिला काय वाटत असेल हा विचार नंतर आला. हे सांगताना मला आजही लाज वाटते.

पुढची परीक्षा शरद ऋतूत होती. मुले सांभाळण्यास मदत व्हावी म्हणून सौ. आणि मी मे महिन्यात तिकडे गेलो.

पहिले काही दिवस मी तिचा अभ्यास दुरून पाहत असे. पहाटे साडेचारला ती उठे. स्वयंपाकघराला लागून जेवणाचे टेबल होते, तेथे दिवा लावून बसे. समोर फिजिशियनांच्या महाविद्यालयाने काढलेली स्वाध्यायाची पुस्तके. ही महाविद्यालय म्हणजे शिकवणारी संस्था नव्हे. १९१५ साली स्थापन झालेली ती डॉक्टरांची संघटना आहे. तिने १९६० च्या दशकाच्या अखेरीस घरच्या घरी आपले ज्ञान तपासून पाहण्यासाठी ही पुस्तके काढली, आणि त्यांच्या नव्या नव्या आवृत्त्या निघत आल्या. हृदयाचे एक, मूत्रपिंडांचे एक, अशी शाखावार पुस्तके, आणि त्यांच्यासोबत हजाराहून अधिक प्रश्न. शिवाय फडताळात हॅरिसनचा सुप्रसिद्ध ग्रंथ. १९५० साली पहिल्यांदा निघालेला हा ग्रंथ आपल्याकडील वैद्यकीय विद्यार्थ्यांच्याही तीन पिढ्यांनी उशाशी ठेवला आहे.

पहिल्या वेळी तिने सर्व पुस्तके पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली होती, दोनदा. पिवळ्या शाईने ओळी रंगवल्या होत्या. "वाचताना सगळं ओळखीचं वाटत होतं, बाबा," ती मला म्हणाली, "आणि प्रश्न समोर आला की हाताला काही लागत नव्हतं."

ओळख आणि आठवण यांतील हे अंतर मी जन्मभर पाहत आलो होतो. परंतु त्याचा विचार केला नव्हता. रस्त्यात चेहरा ओळखीचा वाटतो आणि नाव ओठांवर येत नाही, तसेच हे. पुढे तिनेच मला एका प्रयोगाविषयी सांगितले. सेंट लुईस येथील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी तो मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी पाहिले, तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने पाहिले, तर आठवून लिहिणारे पुढे गेलेले. परीक्षेने ज्ञान मोजले जाते एवढेच आपण समजतो. ती ज्ञान घट्टही करते, असा याचा अर्थ.

हे ऐकताच मला आपल्या सरांचा तास आठवला. धडा संपला की ते म्हणत, "आता पुस्तक मिटा." मग जे उरले असेल ते पाटीवर लिहायचे. माझ्याबरोबर बसलेल्यांपैकी जे आज येथे आहेत, त्यांना हे आठवत असेल. आम्हांला ती शिक्षा वाटे. सरांना मानसशास्त्राचा प्रयोग ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यांना मुले ठाऊक होती.

तर दुसऱ्या वेळी कन्येने क्रम उलटा केला. आधी प्रश्न, मग पुस्तक. रोज वीस-पंचवीस प्रश्न सोडवायचे, प्रत्येकाचे स्पष्टीकरण वाचायचे, बरोबर आलेल्याचेही, आणि जेथे पाय घसरला तेवढाच भाग पुस्तकात उघडून पाहायचा. एके दिवशी तिचे डोळे दुखत होते. मी म्हणालो, "मी वाचून दाखवू का?" ती हसली. "बाबा, तुम्ही नुसतं वाचा. उच्चारांची काळजी करू नका." अशा रीतीने मी त्या टेबलाशी बसू लागलो, आणि पुढे तो माझा नेमच झाला.

या प्रश्नांची रचना मला साहित्याचा विद्यार्थी म्हणून विलक्षण वाटली. प्रत्येक प्रश्न म्हणजे एक लहानशी गोष्ट असते. अमुक वयाची स्त्री, अमुक दिवसांपासून ताप. तिचा व्यवसाय, तिची पूर्वीची औषधे, नाडी, रक्तदाब, रक्ताचे आकडे. शेवटी एक प्रश्न आणि चार-पाच पर्याय. त्यांतील एकापेक्षा अधिक पर्याय बरे वाटतात. सर्वांत योग्य असा एकच. गोष्टीतला कोणता तपशील अर्थाचा आणि कोणता भरताड, हे ओळखणे हीच परीक्षा. कन्या मला आधी शेवटची ओळ वाचायला सांगे. काय विचारले आहे ते कळले की गोष्ट कशी ऐकायची तेही कळते.

आणखी एका गोष्टीचे मला नवल वाटे. पुष्कळदा योग्य उत्तर 'काहीही करू नये' असे असे. वृद्ध स्त्रीच्या लघवीत जंतू सापडले, पण तिला त्रास काहीच नाही, तर काय द्यावे? काही देऊ नये. तरण्या माणसाची कंबर चार दिवसांपासून दुखते, धोक्याचे एकही चिन्ह नाही, तर कोणते चित्र काढावे? कोणतेच नाही. मी दरवेळी एखादे भारदस्त औषध निवडी आणि दरवेळी चुके. "औषध देणं सोपं असतं, बाबा," ती म्हणे, "थांबायला जास्त वाचावं लागतं."

मला काही कळत नसे, आणि त्याचाच तिला उपयोग झाला. एका प्रश्नात रक्तातील मीठ, म्हणजे सोडियम, फार खाली गेलेला रोगी होता. ते भरून काढायचे, पण चोवीस तासांत ठरावीक मर्यादेपलीकडे वाढू द्यायचे नाही. मी विचारले, "कमी आहे तर भरभर का भरू नये?" तिने इंग्रजीत काहीतरी सांगितले. मी म्हणालो, "मराठीत सांग." ती थांबली. ज्या भाषेत ती रोज विचार करते त्या भाषेतील शब्द तयार होते, पण त्यांच्यामागचा अर्थ मराठीत आणताना तिला तो पहिल्यापासून जुळवावा लागला. स्वयंपाकघरात तिची आई लोणच्यासाठी कैऱ्या चिरत होती. कन्येने तिकडे पाहिले आणि म्हणाली, "फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं ना? तसंच. मेंदूच्या पेशी हळूहळू त्या पातळ रक्ताला सरावलेल्या असतात. बाहेर एकदम मीठ वाढलं, की त्यांच्यातलं पाणी निघून जातं आणि मेंदूला इजा होते. म्हणून सावकाश." सौ. म्हणाली, "हे मला विचारलं असतंत तर मीही सांगितलं असतं." त्या दिवसापासून अवघड प्रश्न मराठीत समजावून सांगायचा असा नियम झाला. जे मला सांगता येत नसे ते तिला पुरते कळलेले नाही, असे ती समजे, आणि त्या पानावर खूण करी.

आता त्या वहीविषयी सांगतो.

टेबलावर एक साधी रेघांची वही असे. चुकलेला प्रत्येक प्रश्न ती एका ओळीत तिथे लिही, आणि समोर तीनपैकी एक अक्षर घाली. पहिल्या प्रकारची चूक म्हणजे ठाऊकच नव्हते. दुसरी, ठाऊक होते पण वेळेवर आठवले नाही. तिसरी, ठाऊक होते, आठवलेही, पण प्रश्न नीट वाचला नाही. पहिलीला उपाय पुस्तक, दुसरीला उजळणी, तिसरीला झोप, असे ती थट्टेने म्हणे. पण थट्टेत तथ्य होते. सात दिवसांच्या पाळीनंतरच्या पहिल्या दिवशी तिसऱ्या प्रकारच्या चुका दुप्पट होत, हे वहीवरूनच तिच्या ध्यानात आले. मग त्या दिवशी ती पुस्तक उघडीतच नसे. चुकलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा सोडवायचा. तीनदा बरोबर आला की ओळीवर काट.

मी विचारले, "ही युक्ती कोणी शिकवली?" ती म्हणाली, "तुम्हीच नाही का? चुकांची वही."

श्रोतेहो, चुकांची वही ही माझी नव्हे, आपल्या सरांची. त्यांच्या वर्गातील प्रत्येकाकडे ती असे. तिला गुण नसत, तिच्यावर लाल शाई नसे, आणि सरांव्यतिरिक्त ती कोणी उघडीत नसे. सरही विचारूनच उघडीत. मी बाप झाल्यावर मुलीला तशीच वही घालून दिली. पण तिचा आत्मा बदलून टाकला. रोज संध्याकाळी मी ती तपासत असे. चुका मोजत असे. पाहुण्यांसमोर, "काल सात होत्या, आज चारच," असे कौतुकाने सांगत असे, आणि ज्या दिवशी चाराच्या सात होत त्या दिवशी घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. पुढे पुढे तिच्या वहीत चुका उमटेनाशा झाल्या. मी समजलो, मुलगी चुकतच नाही. ती चुका लिहीत नव्हती, इतकेच. ओहायोच्या त्या टेबलाशी बसलो असता मला उमगले, की महिनाभर फोनवर हवापाण्याच्या गोष्टी का झाल्या ते. तो महिना माझ्याच शिकवणुकीचे फळ होता.

मी काही बोललो नाही. अशा गोष्टी बोलण्याची आमच्या पिढीला सवय नाही. मात्र त्यानंतर ती वही माझ्या हाताशी असूनही मी कधी आपण होऊन उघडली नाही. ऑगस्टमधल्या एका पहाटे तिनेच ती माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "बाबा, यातले विचारा."

त्याच महिन्यातील आणखी एक प्रसंग आहे. मी वाचत होतो : एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ. सकाळी बिछान्यातून उठताना भोवळ येते. दोन वेळा पडता पडता वाचले. रक्तदाबाची गोळी चालू, प्रोस्टेटसाठी आणखी एक. पुढे काय करावे? मेंदूचे चित्र, हृदयाची चोवीस तासांची नोंद, भोवळीचे औषध, असे पर्याय होते. वाचता वाचता माझा आवाज बदलला असावा. तिने मान वर करून विचारले, "बाबा, तुम्हांला होतं का असं?"

होत होते. तीन महिने होत होते. बेसिनला धरून उभे राहावे लागे. तिचा अभ्यास मोडू नये म्हणून मी सांगितले नव्हते. तिने पुस्तक मिटले, मला सोफ्यावर आडवे केले, रक्तदाब मोजला. मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजला. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा वीसने किंवा अधिक उतरला, तर तो दोष मानतात. माझा त्याहून बराच उतरला. माझ्याही दोन गोळ्या दोन निरनिराळ्या वेळी सुरू झालेल्या होत्या, आणि दोन्ही रक्तदाब उतरवणाऱ्या. तिने येथील माझ्या डॉक्टरांना फोन केला, दोघांनी मिळून एक गोळी बदलली, आणि पंधरवड्यात भोवळ गेली. प्रश्नाचे उत्तरही तेच होते : नवे काही देऊ नये, जुने पाहावे.

"सांगितलं का नाहीत?" तिने रागावून विचारले. "पडला असतात, खुबा मोडला असता तर?"

मी म्हणालो, "तू तरी कुठे सांगितलं होतंस?"

आम्ही दोघेही गप्प बसलो. मग ती म्हणाली, "पुढचा वाचा."

आपल्या भाषेत रोग्याला तपासणे यालाही परीक्षा म्हणतात आणि विद्यार्थ्याला तपासणे यालाही. नाडीपरीक्षा, रुग्णपरीक्षा, वार्षिक परीक्षा. शब्दाचा मूळ अर्थ सर्व बाजूंनी पाहणे असा आहे. वैद्य रोग्याची परीक्षा करतो ती त्याला पास-नापास करण्यासाठी नव्हे. कुठे दुखते ते कळावे म्हणून. तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासताना मी हा अर्थ विसरलो होतो. कोणाला किती येते ते मी पाहिले. कोणाचे कुठे अडते ते पाहिले नाही.

दुसरा शब्द स्वाध्याय. आज तो पाठ्यपुस्तकातील धड्याच्या शेवटी छापलेला असतो आणि त्याखाली प्रश्न असतात. तैत्तिरीय उपनिषदात गुरू शिष्याला स्वाध्यायात हयगय करू नकोस असे बजावतात. तो उपदेश कधीचा आहे हे पाहण्यासारखे आहे. शिष्य आश्रमात येतो तेव्हाचा तो नव्हे. शिक्षण पुरे करून घरी जायला निघतो तेव्हाचा आहे. म्हणजे धड्याच्या शेवटी स्वाध्याय छापणाऱ्यांनी नकळत परंपराच पाळली म्हणायची! शिकवणे संपते तेथे स्वाध्याय सुरू होतो. आणि तो घरी करायचा असतो : मुले, कैऱ्या, पाळ्या आणि म्हातारे आईबाप यांच्या गराड्यात. सर विल्यम ऑस्लर हे अर्वाचीन वैद्यकातील मोठे गुरू. १८९२ साली निघालेल्या त्यांच्या ग्रंथावर एक पिढी शिकली. त्यांनी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना उशाशी पुस्तके ठेवून निजण्यापूर्वी अर्धा तास वाचण्याचा सल्ला दिला होता. आणि ती पुस्तके वैद्यकाची नव्हती, साहित्याची होती.

आपल्या बडोद्याला तर हा विचार नवा नाहीच. १९०६ साली सयाजीराव महाराजांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु शाळेतून बाहेर पडलेला मनुष्य वाचायला विसरला तर सक्ती फुकट, हे त्यांनी ओळखले. म्हणून १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला येथे आणून ग्रंथालयांचे जाळे विणले, आणि फिरत्या वाचनालयांच्या पेट्या गावोगाव धाडल्या. अमेरिकेतील माणसाने येथे येऊन आपल्याला घरी वाचायला पुस्तक दिले. शंभर वर्षांनी येथला एक म्हातारा तिकडे जाऊन वाचून दाखवीत बसला. ऋणाची एवढीशी फेड.

परीक्षेच्या आधी दोन रविवार तिने घरीच पूर्ण दिवसाची तालीम केली. टेबलावर घड्याळ, ठरलेले प्रश्न, ठरलेली विश्रांती, नातवंडे बाहेर बागेत. सौ.ने जेवणही परीक्षेच्या दिवशी असेल तेच, तेवढेच दिले. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने वही मिटली आणि धाकट्याला घेऊन मक्याच्या शेतांच्या बाजूने लांब फिरून आली. त्या दिवशी तिने एकही पान वाचले नाही. मला राहवेना, पण मी काही बोललो नाही, हे माझे त्या सहा महिन्यांतील सर्वांत अवघड यश.

ती उत्तीर्ण झाली. निकाल आला तेव्हा आम्ही बडोद्यास परतलो होतो. रात्री फोन आला. मी विचारले, "किती गुण?" आणि लगेच जीभ चावली. ती हसून म्हणाली, "पास झाले, बाबा. वहीत अजून एकतीस ओळी काटायच्या राहिल्यात." त्या तिने पुढे काटल्या, परीक्षा संपल्यावर. कोणी विचारणार नव्हते तरी.

ही पद्धत सर्वथा न्याय्य आहे असे मी म्हणत नाही. जो डॉक्टर रुग्णालयातच काम करतो त्याला बाहेरच्या दवाखान्यातील बारकावे विचारावेत का, दहा वर्षांचा अनुभव एका दिवसात तोलावा का, त्यासाठी एवढा पैसा का घ्यावा, हे कन्येचे आक्षेप आजही आहेत आणि मला ते पटतात. मंडळालाही काही पटलेले दिसतात. २०२२ पासून दहा वर्षांच्या परीक्षेला एक पर्याय निघाला आहे. दर तीन महिन्यांना तीस प्रश्न, पाच वर्षांत सहाशे, घरी बसून सोडवायचे. प्रत्येकाला चार मिनिटे. बहुतेक प्रश्नांचे उत्तर देताच चूक की बरोबर ते स्पष्टीकरणासह कळते. पुस्तक उघडून पाहण्याचीही मुभा आहे, कारण रोग्यासमोर बसलेला डॉक्टरही पुस्तक पाहतोच. मनाई एकाच गोष्टीची : दुसऱ्या माणसाला विचारायचे नाही. २०२६ साली कन्येची मुदत पुन्हा संपते आणि तिने हाच मार्ग घ्यायचे ठरवले आहे. म्हणजे आता त्या टेबलाशी बसण्यास मला बंदी आहे. माझी नेमणूक एका परीक्षेपुरतीच होती.

समोर बसलेल्या माजी विद्यार्थ्यांत डॉक्टर आहेत, हिशेबनीस आहेत, वकील आहेत. प्रत्येकाच्या व्यवसायात आता अशा परीक्षा येत आहेत आणि येत राहतील. कोणी पन्नाशीत नापासही होईल. त्यांना माझे सांगणे थोडे आहे. वाचलेले पुस्तक मिटून पाहा. कळले असे वाटले तर घरातल्या न कळणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत सांगून पाहा. आणि आईबापांना सांगणे त्याहून थोडे : मुलाच्या चुकांची वही त्याने दिल्याशिवाय उघडू नका.

माझी स्वतःची त्या काळातली वही, सरांनी घालून दिलेली, मागील वर्षी माळा आवरताना सापडली. पाने पिवळी पडली आहेत. संधी, समास, आणि भूमितीची दोन प्रमेये. बऱ्याच ओळींवर काट आहे, काहींवर नाही. संधीचे दोन नियम मी त्या रात्री पुन्हा पाठ केले आणि काट मारली. प्रमेये राहिली आहेत.